पिकअपचा क्लच: रिव्हर्समधल्या कर्र आवाजाचा माग

१ नोव्हेंबर, शनिवार

गाडी डिझेल पिकअप, जोर मागच्या चाकांना, पाच गिअर, हायड्रॉलिक क्लच. म्हणजे पेडल मास्टर सिलिंडरचा पुशरॉड (दांडा) ढकलतं, मास्टर पाइपमधून ऑइल स्लेव्ह सिलिंडरकडे पाठवतो, स्लेव्हचा पुशरॉड फोर्क नावाचा लिव्हर ढकलतो, आणि फोर्क रिलीज बेअरिंग दाबून क्लच प्लेट मोकळी करतो. १,३८,००० किमी झालेत. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणारं, इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कवच) बाहेर, दोन बोल्टांवर बसवलेला आहे. हे आधीच सांगतो, कारण काही गाड्यांत तो आत, इनपुट शाफ्टभोवती (क्लच प्लेट ज्याला फिरवते तो गिअरबॉक्सचा शाफ्ट) असतो. तशी गाडी असेल तर पुढची काही मापं बाहेरून घेता येणार नाहीत.

दुखणं असं. सकाळी गाडी चालू करून रिव्हर्स टाकला की कर्रकन आवाज येतो. उभ्या गाडीत पहिला गिअर हाताला जड लागतो, कधी पडतच नाही. पेडल एकदा सोडून पुन्हा दाबलं की पडतो. चालत्या गाडीत दुसरा, तिसरा, चौथा ठीक. पेडल अगदी तळाशी असताना क्लच पकडतो. दोन बोटं वर आणलं की गाडी लगेच निघते.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, क्लच प्लेट गेली. मलाही तेच वाटलं. किट मागवला आहे: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग.

८ नोव्हेंबर, शनिवार

गिअरबॉक्स उतरवायला घेतला. मदतीला भाचा.

गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर पंचने खुणा केल्या. या खुणा विसरू नका. शाफ्ट उलटा बसला तर नंतर येणारी थरथर क्लचची की शाफ्टची, हे कळणं अवघड होतं. शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीतून ओढताच मागून गिअर ऑइलची धार लागली. ऑइल आधी काढायला हवं होतं. प्लॅस्टिकची पिशवी रबराने आवळून बसवली तोवर अर्धा लिटर खाली गेलं होतं.

स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट सोडवून बाजूला टांगला आणि पुशरॉडला तारेने आवळून ठेवलं. तार नसताना कोणी चुकून पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर उडतो.

सगळ्यात जास्त वेळ बेल हाउसिंगच्या वरच्या दोन बोल्टांनी खाल्ला. तीन तास. वरून हात जात नाही, खालून दिसत नाहीत. शेवटी मागचा क्रॉसमेंबर काढून इंजिन-गिअरबॉक्स मागे किंचित कलू दिलं (पुढे फॅन आच्छादनाला टेकत नाही ना, हे भाचा पाहत होता), तीन एक्स्टेन्शन जोडून टोकाला हलता जॉइंट लावला, आणि गिअरबॉक्सच्या वरून मागच्या बाजूने पाना घातला. तेव्हा सुटले.

गिअरबॉक्स जॅकवर पट्ट्याने बांधूनच मागे ओढा. जवळजवळ ४० किलोचं धूड आहे. ते क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो. मग नवी प्लेट घालूनही क्लच सुटत नाही.

दिवसाचे ९ तास. प्लेट उद्या.

९ नोव्हेंबर, रविवार

प्लेट हातात घेतली आणि बसलोच. रिव्हेट पृष्ठभागापासून १.२ मिमी खाली. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ही खोली ०.३ मिमी राहिली की प्लेट बदला असं असतं, म्हणजे हिच्यात अजून बरंच आयुष्य होतं. तेलाचा डाग नाही. स्प्रिंगा घट्ट. प्लेट इनपुट शाफ्टच्या खाचांवर बोटाने मागेपुढे सहज सरकते, गंज नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग नाहीत, भेगा नाहीत. पायलट बेअरिंग बोटाने फिरवलं, मऊ फिरतं. प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमची बोटं एका पातळीत. फोर्कला तडा नाही, खालचा गोळाही झिजलेला नाही.

म्हणजे आत काहीच बिघडलेलं नव्हतं. पण गिअरबॉक्स खाली होता आणि किट समोर होता, म्हणून सगळं नवं घातलं. पुन्हा हीच वेळ आली तर मी तिथेच थांबून आधी कारण शोधेन.

धुळीबद्दल एक गोष्ट. बेल हाउसिंगमधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका. प्लेटच्या जुन्या फेसिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. ब्रेक क्लीनरने ओली करा आणि फडक्याने टिपा.

बसवताना चूक केली. प्लेट मध्यभागी आणायची प्लॅस्टिकची खुंटी वापरली, पण प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळताना खुंटी स्वतःच्या वजनाने खाली झुकली होती, ते पाहिलं नाही. गिअरबॉक्स शेवटचे १२ मिमी आत जाईना. मी बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून तो ओढून घ्यायला लागलो. दोन आटे फिरवले आणि हाताला जोर वेगळा लागला, म्हणून थांबलो. बोल्टांनी गिअरबॉक्स कधीच ओढून घ्यायचा नाही. सगळं मागे घेतलं, प्रेशर प्लेट सैल केली, खुंटी सरळ धरून बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. मग गिअरबॉक्स हाताच्या दाबानेच जागेवर गेला. यात दीड तास गेला.

रात्री साडेआठला गाडी खाली उतरवली. चालू केली, पेडल दाबलं, रिव्हर्स टाकला.

कर्र.

१० नोव्हेंबर

काही केलं नाही. दोन दिवसांचे १७ तास आणि एक अख्खा किट एका अंदाजावर घालवला, ते मनातून जात नव्हतं. रात्री वहीत दोन ओळी लिहिल्या. क्लच घसरतो म्हणजे प्लेट पकडत नाही: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. क्लच सुटत नाही म्हणजे प्लेट दाबूनही मोकळी होत नाही: गिअर अडतात. माझी तक्रार दुसरी होती आणि मी औषध पहिलीचं दिलं. भरलेल्या गाडीने चढावर क्लच एकदाही घसरला नव्हता, हे मला १ तारखेलाही माहीत होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज पाना न लावता फक्त तपासण्या.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकले. लोण्यासारखे पडतात. म्हणजे गिअर लिव्हर आणि आतली जोडणी ठीक आहे.

इंजिन चालू, न्यूट्रल, पेडल दाबून पाच सेकंद थांबलो, मग रिव्हर्स. कर्र. इतका वेळ थांबल्यावर मोकळा झालेला इनपुट शाफ्ट मंदावायला हवा. तो मंदावत नाही, म्हणजे प्लेट त्याला अजून फिरवते आहे.

मागची चाकं घोड्यांवर उचलली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके. पहिला गिअर, पेडल पूर्ण खाली, इंजिन चालू. चाकं फिरतात. पण एवढ्यावर निकाल लावू नका. गिअर ऑइलच्या चिकटपणानेही उचललेली चाकं हळूहळू फिरतात, न्यूट्रलमध्येसुद्धा. म्हणून हँडब्रेक हळूच ओढला. चाकं थांबली आणि त्याच क्षणी इंजिनचा आवाज खाली बसला. निव्वळ ऑइलची ओढ असती तर इंजिनला कळलंही नसतं.

आवाजाचंही पाहिलं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे पाहावं. दाबल्यावरच येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे. माझ्याकडे दोन्ही नाही.

आता जे माप सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं ते घेतलं. पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्हचा पुशरॉड फोर्कला किती ढकलतो? व्हर्निअर आत जात नाही. फोर्कच्या टोकावर व्हाइटनरने बारीक रेघ मारली, शेजारी स्टीलची पट्टी तारेने घट्ट बांधली, मोबाइल खाली ठेवून व्हिडिओ चालू केला आणि इंजिन बंद ठेवून भाच्याला पेडल दाबायला सांगितलं. व्हिडिओ थांबवून रेघ वाचली.

९ मिमी.

किती यायला हवं? पेडल तळापर्यंत १४५ मिमी जातं. पेडलचा लिव्हर मोजला तर साधारण सहास एक, म्हणजे मास्टरच्या पुशरॉडला २४ मिमी. त्यातले १ मिमी मोकळीकीचे आणि साधारण १ मिमी पिस्टनने ऑइलचं छिद्र बंद करेपर्यंतचे. कामाचे उरले २२. मास्टरचा बोअर १५.८७ मिमी, स्लेव्हचा १९.०५. स्लेव्ह मोठा असल्याने प्रवास दोन क्षेत्रफळांच्या प्रमाणात, म्हणजे ०.६९ पटीने कमी होतो. २२ गुणिले ०.६९, साधारण १५ मिमी.

मला १५ मिळायला हवेत आणि मिळतात ९. ६ मिमी वाटेत कुठेतरी हरवताहेत. हे माप घ्यायला ४० मिनिटं लागली. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी ही ४० मिनिटं काढा, एवढंच हात जोडून सांगेन.

१६ नोव्हेंबर, रविवार

सर्वात सोपी शंका आधी: पाइपमध्ये हवा. मास्टरच्या बाटलीतलं ऑइल काळपट होतं आणि पातळी खालच्या खुणेच्या एक सेंटिमीटर खाली. मी सवयीने लगेच वर भरलं. चूक. पातळी पेनाने खूण करून ठेवायला हवी होती, म्हणजे पुढे ऑइल बाहेर जातंय की नाही ते कळलं असतं. खूण आता केली. टोपीवर डॉट ३ (ब्रेक ऑइलचा प्रकार) लिहिलं आहे, तेच भरलं.

स्लेव्हवरचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, १० मिमीचा. उघड्या तोंडाचा पाना लावला आणि पहिल्याच जोराला त्याचे कोपरे गोल झाले. रिंग पाना आत जायला जागा नाही असं समजून मी तो आणलाच नव्हता. स्लेव्हचा एक बोल्ट सैल केला तर जागा होत होती. पकडीने निपल सोडवला आणि नवा लावला. एक तास.

मग नेहमीची पद्धत. पारदर्शक नळी निपलवर, दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. "दाब." "दाबलं." "धर, सोडू नको." निपल उघडायचा, बंद करायचा. "सोड, सावकाश." आठ-दहा वेळा बारीक बुडबुडे आले, मग थांबले. पण पेडल अजून मऊच लागत होतं. स्लेव्ह जसा बसतो त्यात निपल त्याची सर्वात उंच जागा नाही, वर हवेचा कप्पा राहतो. स्लेव्ह दोन बोल्टांवरून सोडवला, निपल आकाशाकडे करून धरला, पिस्टन हाताने पूर्ण आत दाबून ठेवला आणि पुन्हा तेच केलं. एक मोठा बुडबुडा गुळुकन नळीतून गेला. तो मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

माप: ११.५ मिमी. रिव्हर्स आवाज न करता पडला. भाचा म्हणाला, "मामा, झालं की रे!" मलाही तसंच वाटलं.

खर्च: पाऊण लिटर ब्रेक ऑइल, एक निपल, चार तास.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा कर्र, आधी थोडा, संध्याकाळी पूर्ण. ऑइलची पातळी खुणेवरच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पातळी कमी होत नाही, म्हणजे ऑइल बाहेर गळत नाही. तरी हात लावून पाहिलं. स्लेव्हच्या रबर बूटची कड उचलली, आत कोरडं. केबिनमध्ये मास्टरचा पुशरॉड भिंतीतून येतो तिथे बोट फिरवलं, कोरडं. भाच्याला पेडल दाबून धरायला लावून रबरी होज मुठीत धरला, फुगत नाही. इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंतही पाहिली. काही गाड्यांत तिथे तडा जातो आणि पेडल दाबलं की मास्टर अख्खाच पुढे झुकतो. माझा जागेवर घट्ट आहे.

मग पेडल ३० सेकंद धरून ठेवलं. पायाखाली ते हळूहळू खाली जात होतं. जाणवेल न जाणवेल इतकं, पण जात होतं. इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये तेच केलं, तर बाराव्या-तेराव्या सेकंदाला गाडी पुढे सरकायला लागली.

बाटलीची टोपी काढली आणि भाच्याला पुन्हा पेडल धरायला सांगितलं. दाबताना पृष्ठभागावर एक छोटा उमाळा येतो, तो सगळ्याच मास्टरमध्ये येतो, त्यावर जाऊ नका. त्यानंतर पृष्ठभाग शांत व्हायला हवा. माझ्या बाटलीत तळातून बारीक वळवळ येत राहिली, भांड्यातलं पाणी उकळायच्या आधी हलतं तशी. मास्टरच्या पिस्टनवरचं रबर दाब धरत नाही आणि ऑइल त्याच्या बाजूने परत बाटलीत जातं. म्हणूनच बाहेर थेंब नाही आणि पातळीही हलत नाही. पेडल दोनदा दाबल्यावर गिअर का पडायचा, तेही आता कळलं.

नुसतं रबर किट घालावं की पूर्ण मास्टर? पिस्टन काढून बोअरमध्ये टॉर्च मारला, तर पिस्टन रोज जिथे घासतो तिथे नखाला लागेल असा ओरखडा होता. अशा बोअरमध्ये नवं रबर काही महिन्यांत फाटतं. पूर्ण मास्टर घेतला. तो गाडीला लावण्याआधी शिकंजात आडवा धरून ऑइल भरलं, बाहेरच्या तोंडावर बोट ठेवून पुशरॉड हलके ढकलत आतली हवा काढून घेतली. त्यामुळे गाडीवर हवा काढायला २० मिनिटं पुरली. ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग जातो.

माप: १२.६ मिमी. पेडल धरलं तर खाली जात नाही. बाटलीत वळवळ नाही. रिव्हर्स स्वच्छ पडतो. पण १५ अजून नाहीत. आठवड्यापूर्वी मी इथेच पाने आवरले असते.

२३ नोव्हेंबर, रविवार

उरलेले अडीच मिमी शोधायला केबिनमध्ये उताणा पडलो, डोकं पेडलखाली. भाच्याने हाताने पेडल अगदी हळू दाबलं. पेडल हललं, पुशरॉड हलला नाही. नंतर टक्कन हलला.

पेडल आणि पुशरॉड जोडणारी पिन काढली. काल मास्टर बदलताना हीच पिन मी काढून, पुसून परत घातली होती, आणि पाहिली नव्हती. ८ मिमीची पिन मधोमध ७ मिमीपर्यंत झिजलेली, बोटाला पायरी लागते. पेडलच्या पट्टीतलं भोक गोल राहिलेलं नाही, दाबाच्या दिशेने लांबट होऊन १० मिमी झालंय. १० वजा ७, ३ मिमी रिकामे. ०.६९ पटीने स्लेव्हकडे २.१ मिमी. हिशोब समोर होता.

नुसती नवी पिन घातली तर लांबट भोक तिला पुन्हा खाईल. पेडल काढून भोक १२ मिमी गोल करून घेतलं, खरादावर ब्राँझचा बुश करवून घट्ट बसवला, आत ८ मिमीचं भोक, नवी पिन, थोडं ग्रीस, नवी कॉटर पिन. पेडल काढण्या-घालण्यात आणि बुश होईपर्यंत थांबण्यात पाच तास गेले.

माप: १४.७ मिमी.

आणि इथे हाव केली. पुशरॉडला लांबी कमी-जास्त करायचा नट आहे. उरलेले काही दशांशही मिळावेत म्हणून तो फिरवून पेडलची मोकळीक पूर्ण घालवली. माप १५.४. पेडल वरच पकडायला लागलं, छान वाटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

भरलेली गाडी, लांब चढ. पाऊण तासाने पेडल कडक झालं आणि क्लच घसरायला लागला. चौथ्यात इंजिन ओरडतंय, वेग वाढत नाही, जळका वास. या गाडीत कधी न झालेली गोष्ट, तीही नव्या प्लेटवर. कडेला थांबलो.

कारण माझंच होतं. मोकळीक शून्य असली की पेडल सोडल्यावरही मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल बाटलीत परत जायचं छिद्र झाकलेलं राहतं. इंजिनच्या उष्णतेने ऑइल फुगतं, त्याला जायला वाट नसते, मग ते स्लेव्हला ढकलतं आणि क्लच अर्धा दाबलेलाच राहतो. खात्रीसाठी निपल पाव आटा उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली, पेडल मऊ झालं, क्लचने पकडलं. निपल बंद करून सावकाश घरी आणली.

पुशरॉड मागे घेतला, मास्टरपाशी १ मिमी मोकळीक ठेवली. पेडलवर ती सहापट दिसते. बोटाने दाबलं तर पेडल साधारण ६ मिमी हलकं जातं आणि मग जोर लागतो. चेकनट आवळला. माप परत १४.७.

प्लेटला धक्का बसला का ते पाहिलं. सपाट जागी, समोर मोकळं, हँडब्रेक पूर्ण, चाकांना ओंडके, चौथा गिअर, थोडी रेस देऊन क्लच सोडला. इंजिन लगेच बंद पडलं, म्हणजे पकड आहे. ही तपासणी एकदाच करा, वारंवार केली तर तीच प्लेट खाते.

२० डिसेंबर, शनिवार

तीन आठवडे, १,१०० किमी, त्यात चार दिवस भरलेली गाडी. पुन्हा व्हाइटनरची रेघ, पट्टी आणि मोबाइल. १४.७ मिमी. पातळी पेनाच्या खुणेवर, ऑइल फिकट पिवळं. सकाळच्या थंडीत, पहिल्याच दाबाला, रिव्हर्स आवाज न करता पडतो. जुनी प्लेट पुसून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवली आहे, तिच्यावर रिव्हेटची खोली लिहिली आहे: १.२.